शाळेपुरती एक कोपी

चिंचवाडी, ता. पाथर्डी
१६ नोव्हेंबर १९७०

ती. दादास मुक्ताचा नमस्कार.

ऊसतोडीची टोळी कारखान्यावर सुखरूप पोचली, राहायला बांबू-चटयांच्या कोप्या उभ्या राहिल्या, हे तुझ्या कार्डावरून समजलं. कार्ड शेतकी खात्याच्या काकासाहेबांच्या अक्षरात आहे, म्हणजे हे पत्रही तेच तुला वाचून दाखवणार. काकासाहेब, तुम्ही कारकून माणूस, तुमच्यामागे कामं फार, ते मला कळतं. पण गेल्या खेपेला माझं निम्मं पत्र तुम्ही "बाकी सगळं खुशाल" म्हणून उरकलंत. इथे सगळं खुशाल नाही, तेव्हा या वेळी शेवटपर्यंत वाचा.

दादा, दसऱ्यापर्यंत माझ्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. आता फळ्यासमोर तुझी साळू आणि पाटलांची दोन नातवंडं. ती दोघं एकमेकांना चिमटे काढतात आणि साळू मला विचारते, "आत्या, आज धडा घ्यायचा का झाडून काढायचं?" परवा तपासणीला साहेब आले. हजेरी कमी का म्हणाले. मी म्हटलं, "हजेरी ऊस तोडायला गेलीय, साहेब. चैत्रात परत येईल." ते हसले, चहा प्याले, आणि जाताना शेरा मारून गेले की शिक्षिकेने पालकांशी संपर्क वाढवावा.

तर मी तोच वाढवायचं म्हणतेय. दिवाळीत तुझ्याशी बोलले ते तू थट्टेवारी नेलंस. ती थट्टा नव्हती. सहा महिने मुलं कारखान्याच्या तळावर असतात तर शाळाही तिथेच पाहिजे. मला ही नोकरी सोडून तुमच्या तळावर शाळा घालायची आहे.

मात्र मी उठले आणि निघाले असं करणार नाही. नवऱ्याने टाकलेली बाई आहे मी. ही नोकरी लागली म्हणून लोक मला 'बाई' म्हणून हाक मारतात. त्याआधी काय म्हणत होते ते तू ऐकलं आहेस आणि ऐकून गप्पही बसला आहेस. नोकरी सोडायची तर आधी तीन गोष्टी हाती हव्यात. साळू सातवी पास झाली पाहिजे, कारण लहानग्यांना बाराखडी ती शिकवील. कारखान्याच्या चेअरमनची परवानगी पाहिजे. आणि शाळेपुरती एक कोपी पाहिजे, चटईची का असेना, पण स्वतंत्र. पहिलं माझ्याकडे लागलं. उरलेलं दोन्ही तू बघायचंस.

साळू मजेत आहे. भागूवहिनीला सांग, तिच्या केसांतल्या उवा गेल्या.

तुझी,
मुक्ता


चिंचवाडी
७ जानेवारी १९७१

ती. दादास नमस्कार.

नाताळच्या सुटीत तुमच्याकडे चार दिवस राहून आले, त्याचं अंग अजून ठणकतंय. मी आईच्या पाठीवर बसून उसाच्या फडात वाढलेली पोर, पण मास्तरकीने मला अगदीच नाजूक करून टाकलंय. वहिनीची बाजरीची भाकरी आणि तुझे टोमणे मात्र पूर्वीसारखेच आहेत.

पोरं पाहिली. शाळेत माझ्यासमोर पाढे घडाघडा म्हणणारा छगन तिथे बैलांना उसाच्या शेंड्यांचं वाढं घालत होता. मी "दोन साते?" म्हटलं तर ओळखच नसल्यासारखा बघत राहिला. माझं वर्षभराचं शिकवणं दोन महिन्यांत पुसलं जातं, आणि मी दर चैत्रात पुन्हा पहिल्यापासून गिरवून घेते. याच कामाचा मला पगार मिळतो.

चेअरमननी मला उभ्याने का होईना, ऐकून घेतलं. "कल्पना चांगली आहे बाई, बघू," म्हणाले. त्यांच्या 'बघू'चं 'बरं' व्हायला वेळ लागेल. लागू दे.

अडलंय ते कोपीपाशी. शेतकी हापिसात मला सांगितलं की बांबू आणि चटया कोयत्यामागे मिळतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एका कोयत्याला एक कोपी. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोपी नाही. वहिनीचा भाचा गोरक्ष जसा तुमच्या दारात पथारी टाकतो तसं त्याने कुठेतरी निजायचं. मी विचारलं, "आणि एकटी बाई?" काकासाहेब कागदात बघत म्हणाले, "तसा रकानाच नाही." हे वाचताना काकासाहेबांनी खाकरू नये.

तू म्हणालास, "आमच्याच कोपीत बस की एका कोपऱ्यात. कोप्या काय झाडाला लागत्यात व्हय?" दादा, तुमच्या कोपीत चूल आहे, दोन माणसांचं अंथरूण आहे, शेळी आहे. शेळीला मी पाढे शिकवू शकेन, पण मुलांना बसवू कुठे? अर्धंमुर्धं काम मी करणार नाही. एकदा नोकरी सोडल्यावर मला परत फिरायला वाट नाही. पक्की जागा मिळेपर्यंत मी थांबेन.

तुझी,
मुक्ता


चिंचवाडी
१८ सप्टेंबर १९७१

ती. दादास नमस्कार.

साळू तुला हे वाचून दाखवेल, कारण टोळी निघायला अजून अवकाश आहे आणि ती घट उठेपर्यंत तुमच्या वाडीवर आहे. साळू, नीट वाच, स्वल्पविरामापाशी थांब.

दादा, तुझा निरोप मिळाला. "चेअरमनचा होकार आला, मग आता काय मुहूर्त बघती का?" होकार आला, खरं आहे. कागदावर आला, सहीशिक्क्यासह आला. कोपी कुठे आली? तू पुन्हा तोच कोपरा देऊ केलास आणि वर म्हणालास की यंदा आलीस तर आलीस. साळूही माझ्या मागे लागलीय, "आत्या, जाऊ की यंदाच." तिला वाटतं शाळा म्हणजे घंटा बांधली की झाली. तिचं सातवीचं वर्ष आहे. ते मोडून मी तिला तळावर नेली तर माझ्या शाळेतली पहिली नापास मास्तरीण तीच होईल.

एक वर्ष. चैत्रात ती परीक्षा देईल, पुढच्या दिवाळीला आम्ही दोघी येऊ. तोवर मी गोणपाटाची बस्करं शिवून घेते, तुटक्या पाट्या गोळा करते. आमची गोजरबाई, शेवगावच्या शाळेवरची माझी मैत्रीण, मला हसते. म्हणते, मुलीच्या लग्नातल्या रुखवताची तयारीही कुणी इतकी करत नाही. हसू दे म्हणावं. मला एकदाच उडी मारायची आहे.

घट उठले की साळूला पाठवून दे. त्यानंतर एक दिवसही बुडायला नको.

तुझी,
मुक्ता


चिंचवाडी
२१ ऑगस्ट १९७२

ती. दादास नमस्कार.

पोळा जवळ आला तरी जमीन तशीच कोरडी. तुमच्या वाडीची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात असं कळलं, त्यात साळूही जाते हे मला बाजारात दुसऱ्याकडून कळलं. सातवीत केंद्रात पहिली आलेली मुलगी आहे ती. मी तुझ्याकडे उन्हाळ्यापुरती पाठवली होती. पण घरात दाणा नाही, तेव्हा मी बोलून काय उपयोग.

दादा, आता ऐक. साळू पास झाली. चेअरमनचं पत्र पेटीत आहे. माझ्या एकटीचं एक वर्ष निभेल एवढं गाठीशी आहे. सगळं जागच्या जागी आहे, आणि एका कोपीसाठी मी दोन वर्षं तिष्ठत बसले आहे. यंदा ऊस कमी, टोळ्या थोड्याच जाणार, पुढच्या वर्षी चेअरमन हेच राहतील का कोण जाणे. या वर्षी झालं नाही तर कधीच होणार नाही.

तू एवढा मुकादम. पन्नास माणसं तुझ्या शब्दावर गाव सोडतात. सख्ख्या बहिणीसाठी तुला चार बांबू आणि चार चटया मिळवता येत नाहीत हे मी कुणाला सांगू? काय करायचं, कुणाला भेटायचं, कसं बसवायचं, ते तुझं तू बघ. मला त्यातलं काही सांगू नकोस. कोपी मिळाली एवढाच निरोप पाठव, त्याच दिवशी राजीनामा देते.

तुझी,
मुक्ता


चिंचवाडी
२१ ऑक्टोबर १९७२

माझ्या दादास सप्रेम नमस्कार.

आज कार्ड मिळालं. "कोपी मिळाली. ये." तीनच शब्द, आणि तेही साळूच्या अक्षरात! मी ते शाळेच्या ओट्यावर उभ्यानेच वाचलं आणि रडले, हे तुला सांगायला हरकत नाही. दोन वर्षांत तुला काय काय बोलले. ते सगळं परत घेते. आई असती तर आज तिने तुझी दृष्ट काढली असती.

राजीनामा लिहून पंचायत समितीत देऊन आले. कारकुनाने दोनदा विचारलं, "बाई, घरच्यांना विचारलंय का?" मी म्हटलं, "घरच्यांनीच बोलावलंय."

एक महिन्याच्या आत येते. साळूला म्हणावं, अक्षर फार तिरपं आलंय. खडी फोडून हात दुखत असेल, मी आल्यावर तेल लावून देईन. पण तिने स्वतःहून एक ओळही का लिहिली नाही? रागावली असेल. दोन वर्षं थांबवलं ना मी तिला. आता बघ म्हणावं, कोपी झाडायलाही दुसरीला लावणार नाही, तिची शाळा तिने झाडायची.

तुझी,
मुक्ता


शेवगाव, गोजरबाईंच्या घरून
२४ नोव्हेंबर १९७२

भीमा मुकादम यांस,

नमस्कार लिहीत नाही.

मी तळावरून न जेवता निघाले, त्याचं तुला वाईट वाटलं असं काकासाहेबांनी कळवलं आहे. तुला वाईट वाटतं हे ऐकून बरं वाटलं. तू जे बोललास ते मी इथे तुझ्याच शब्दांत लिहून ठेवते, म्हणजे उद्या तू ते फिरवणार नाहीस.

मी बस्करांचं गाठोडं घेऊन आले तेव्हा साळू डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढत होती. हिरव्या बांगड्या, गळ्यात काळे मणी. मला वाटलं, ही दुसरीच कोणी. तिने मोळी टाकली, खाली उतरली आणि माझ्या पाया पडली. चौदा वर्षांची मुलगी एखाद्या सासुरवाशिणीसारखी वाकली. मी तुझ्याकडे बघितलं. तू हसत होतास.

"आगं, बघती काय? शेतकी हापिसानं साफ सांगितलं, औंदा ऊस कमी हाय, पुरा कोयता आसंल तरच कोपी. आपला गोरक्ष हुता अर्धा, साळू हुती घरात. दोगांचा मिळून कोयता झाला. कोयता झाला, कोपी मिळाली. ती दोगं ऱ्हात्यात आमच्यात. कोपी तुझी. तुझं बी काम झालं, पोरीचं बी झालं."

हे तू मला खुशीत सांगितलंस. एखाद्या भावाने बहिणीला लुगडं आणावं तसं. त्यात लबाडी नव्हती, हे मी जन्मभर विसरणार नाही. लबाडी असती तर मला तुझा नुसता राग आला असता.

मी ओरडले तेव्हा वहिनी म्हणाली, "आवो वन्सं, तुमीच ना दोन वर्सं कोपी कोपी करत हुत्या? आता दिली तर वरडता व्हय?"

घट उठले आणि दुसऱ्या दिवशी मारुतीपुढे हार घातलेत. तुळशीच्या लग्नापर्यंतही थांबवलं नाही तुला. चातुर्मासात वाडीतलं कुणी गाय विकत नाही, आणि तू मुलगी दिलीस. का, तर दसऱ्यानंतर टोळ्यांची नावं जाणार होती! गोरक्षला विचारलंस? तो गाडीमागे उभा राहून मला म्हणाला, "आत्या, मला तरी कुनी इचारलं?" त्याला अजून मिसरूड फुटलं नाही. त्याच्यावर मला रागावताही आलं नाही.

आणि ते कार्ड. तीन शब्द. तू शेजारी उभं राहून लिहवून घेतलेस का तिने आपणहून तेवढेच लिहिले, हे मी तिला विचारलं नाही. विचारण्याची मला भीती वाटली.

पाथर्डीला उतरून मी तशीच पंचायत समितीत गेले. राजीनामा मागे घेते म्हटलं. तोच कारकून. म्हणाला, "बाई, मंजूर झाला. दुष्काळ आहे, एका जागेला पंचवीस अर्ज. तुमच्या खोलीत नवे गुरुजी राहायलाही आले." मी दोन वर्षं एक एक फळी जोडून पूल बांधत होते. तो पुरा झाला, मी पलीकडे गेले, आणि अलीकडचं काही उरलं नाही.

ती कोपी मी बघितली. आत गेले नाही. चटई नवी आहे, दार पूर्वेला आहे, वीस-पंचवीस मुलं बसतील. मला हवी होती अगदी तशी. तिच्यात शेळ्या बांध. त्या मुलीच्या जिवावर मिळालेल्या जागेत मी श्री गिरवून घेणार नाही.

मुक्ता


शेवगाव
२ डिसेंबर १९७२

भीमा मुकादम यांस,

हे पत्र काकासाहेबांकडे न देता साळूच्या हातात पडेल अशी व्यवस्था केली आहे. तीच तुला वाचून दाखवील. साळू, वहिनीलाही बोलाव, गोरक्षलाही बोलाव. मोठ्याने वाच.

त्या दिवशी मी चिडून रस्त्याला लागले तेव्हा साळू माझ्यामागे एस. टी. च्या थांब्यापर्यंत आली होती, हे तुला माहीत नसेल. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "आत्या, शाळा मोडू नका. माझ्यावर मिळालीया ती कोपी. ओस नका ठिवू." मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. म्हणाली, "कुटं? तुमाला तरी घर हाय का आता?" हे तिने टोचून म्हटलं नाही. खरंच विचारलं. गाडी आली, मी चढले.

आठ दिवस गोजरबाईच्या माजघरात पडून मी त्याचाच विचार केला. तिच्या घरी मला कोणी जा म्हणणार नाही. एखाद्या आश्रमशाळेत स्वयंपाकीण म्हणूनही काम मिळेल. पण ती मुलगी पहाटे उठून फडात जाते आणि तिच्या नावावरची कोपी रिकामी उभी आहे. हे दोन्ही मला सोसणार नाही. एक तरी मोडलं पाहिजे.

म्हणून मी सोमवारी येते. काय ठरवलं ते ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

कारखाना कोयत्यामागे दोन माणसं मोजतो. एक बाप्या, एक बाई. कोणती बाई ते विचारायला फडात कोणी येत नाही. साळूच्या जागी मी उभी राहीन. गोरक्ष तोडेल, मी पाचट सोलीन, मोळ्या बांधीन, गाडी भरीन. आईबरोबर मी हेच करत होते, तुझ्या आधी शिकले होते. पहिले आठ दिवस माझं काम कमी पडेल, त्यावरून टोळीत कुणी बोललं तर तू ऐकून घ्यायचंस. तुला बोलून घेण्याची सवय नाही, ती लावून घे.

साळू कोपीत शाळा घेईल. ती सातवी पास आहे आणि केंद्रात पहिली आहे. बाराखडी, पाढे, बेरीज-वजाबाकी तिला माझ्याइतकीच येते, आणि मुलं तिला माझ्यापेक्षा कमी घाबरतील. चेअरमनचा कागद तिच्याजवळ देईन. कोणी विचारलं तर शाळा मुक्ताबाईंची आहे, बाई फडात गेल्यात म्हणावं. खोटं नाही ते.

रात्री साळू माझ्याजवळ शाळेतच झोपेल. ती अठरा वर्षांची होईपर्यंत. वहिनीला हे पटणार नाही, वाडीत बोलणं होईल, ते होऊ दे. गोरक्ष, तुला कुणी विचारलं नव्हतं म्हणालास. मी विचारते. चालेल का? नाही म्हणालास तरी असंच होणार आहे, पण विचारलं एवढं तरी लक्षात ठेव.

साळू, तू आता वाचता वाचता थांबली असशील. थांबू नकोस. तुला वाटेल आत्याने आपल्यासाठी आपलं सगळं टाकलं. तसलं काही मनात आणू नकोस. मला शाळा हवी होती, ती होतेय. मी तिच्यात नसेन, एवढंच. मला त्याचं फार वाईट वाटतं. रोज संध्याकाळी परत येताना वाटेल. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही, आणि त्यासाठी तुझ्यावर डाफरलेही तर सहन कर.

भीमा, मी तुझ्याशी बोलणार नाही. फडात, गाडीवर, चुलीपाशी, कुठेच नाही. काही सांगायचं झालं तर गोरक्षजवळ सांग. मी तुला माफ केलं असं कुणाला सांगत फिरू नकोस.

सोमवारी दुपारच्या गाडीने पोचते. न्यायला कुणी येऊ नका. मंगळवारी पहाटे गाड्या जुंपाल तेव्हा मी तयार असेन. साळूचा कोयता तिच्या मापाचा असेल, मला नको. मला मोठा दे.

मुक्ता